डाव्या डोळ्यातला ठिपका

तिने चिमट्यात धरलेली चकती टेलिफोनवालीच्या गालावर, उजव्या डोळ्याच्या अगदी खाली टेकवली आणि श्वास रोखला.

“माझ्याकडे नाही बघायचं. खिडकीबाहेर ती पाण्याची टाकी आहे ना, तिच्याकडे बघा.”

“किती वेळ?”

“मी सांगेपर्यंत.”

टेलिफोनवाली टाकीकडे बघत राहिली. तिशीची, नीटनेटकी बाई. टेलिफोन ऑफिसात दिवसभर लोकांना नंबर जोडून द्यायचं तिचं काम. आठ महिन्यांपूर्वी एका दुखण्यात तिचा डावा डोळा काढावा लागला होता आणि त्या जागी आज नवा बसायचा होता, नकली, पण खऱ्यासारखा. चकती नखाएवढी होती. तिच्यावर सकाळी आठपासून रंगवलेलं बुबुळ होतं. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला की पुढे वरून पारदर्शक आवरण चढल्यावर रंग कसा दिसेल ते आधीच कळायचं. तिने ब्रशाच्या टोकाने थेंब सोडला. वरचा खरा डोळा आणि खालचा रंगवलेला एकमेकांत मिसळून गेले. मधला तपकिरी, कडेची राखाडी झाक, बाहुलीभोवतीचं पिवळसर कडं, सगळं जिथल्या तिथे.

“जुळला,” ती म्हणाली.

“अगदी जुळला गं!” भिंतीलगतच्या बाकावरून टेलिफोनवालीची थोरली बहीण म्हणाली. ती केव्हाची मान लांब करून बघत होती.

“आणि ठिपका?” टाकीवरची नजर न काढता टेलिफोनवालीने विचारलं.

चिमटा धरलेला हात तसाच थांबला.

हॉस्पिटलात तिला सगळे डोळेवाली म्हणायचे. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला उत्तरेच्या खिडकीची ती एक खोली, आणि तिथे काम करणारी माणसं दोनच, मास्तर आणि ती. मास्तरांनी चौदा वर्षांपूर्वी तिच्या हातात पहिला ब्रश दिला होता, तीन केसांचा, आणि त्याच दिवशी नियमही सांगितला होता. समोर आहे ते काढायचं. आपल्या मनचं टिंबसुद्धा त्यात घालायचं नाही. “दोन डोळ्यांत फरक दिसला की लोक थांबून बघतात, पोरी. लोकांनी थांबून बघू नये म्हणून तर आपल्याला इथे बसवलंय.” तेव्हापासून तिने किती डोळे रंगवले त्याची गणती नव्हती. त्यातला एकही कुणाच्या लक्षात आला नव्हता, आणि तीच तिच्या कामाची शाबासकी होती.

आज सकाळी टेलिफोनवालीने खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं होतं की गेलेल्या डोळ्यात एक ठिपका होता. उजव्यात नाही, फक्त डाव्यात. तो हवा. फोटो मागितले तर तिने दोन आणले होते, काळेपांढरे, ऑफिसातल्या घोळक्यातले. त्यात तिचा अख्खा चेहराच मसुरीच्या डाळीएवढा होता.

मास्तर तेव्हा खोलीतच होते. त्यांनी फोटो भिंगाखाली धरले आणि परत दिले.

“बाई, राहिलेला डोळा आहे तो आपल्याला खरा. त्याच्यावरून करू. ठिपकाबिपका काही नको.”

“पण तो माझा होता.”

“गेला ना आता,” मास्तर म्हणाले. त्यांच्या बोलण्यात कठोरपणा नव्हता, पण पुढे बोलायला जागाही नव्हती. मग ते एका म्हाताऱ्याच्या डोळ्याच्या खोबणीचा साचा घ्यायला खालच्या वॉर्डात निघाले. तीननंतर येणार होते. जाता जाता त्यांनी तिच्या टेबलावरच्या ब्रशांच्या बरणीखाली ठेवलेल्या कागदावर दोन बोटं टेकवली.

“सही तेवढी करायची आहे. पाचपर्यंत खाली कचेरीची खिडकी उघडी आहे. मी काही बोलणार नाही.”

महिनाभर ते रोज हेच म्हणत होते, की मी काही बोलणार नाही.

तिने राजीनामा दिला होता. आज तिचा शेवटचा दिवस. नियमाप्रमाणे शेवटच्या दिवशी कचेरी बंद होईपर्यंत राजीनामा मागे घेता येत असे, आणि तसा अर्ज मास्तरांनी स्वतः खाली जाऊन टाइप करून आणला होता. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. त्यांच्यामागे ही खोली तिचीच, हे हॉस्पिटलातल्या झाडूवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला चित्रांचं एक दालन होतं. महिन्यापूर्वी एका सुट्टीच्या दिवशी नवऱ्याच्या सायकलला बांधून ती आपली अकरा चित्रं तिथे घेऊन गेली होती. पाण्याचा तांब्या, जिन्याचं वळण, सासूबाईंचे हात. दालनाचे मालक मोठे तऱ्हेवाईक गृहस्थ. त्यांनी एकेक चित्र भिंतीला टेकवून पाहिलं, शेवटी चष्मा काढला.

“हात फार तयार आहे. पण बाई, हे सगळं आहे तसं आहे. आहे तसंच बघायचं तर मी खिडकी उघडेन की.”

ती मुकाट्याने सुतळी गुंडाळायला लागली तेव्हा ते पुढे म्हणाले, “मागची खोली रिकामी आहे. वर्षभर येऊन बसा. समोर वस्तू ठेवायची नाही, माणूस बसवायचा नाही, नुसता कागद. वर्षाने जे झालं असेल ते मी या भिंतींवर लावीन. पण रोज यायचं. सुट्टीपुरते चित्रकार माझ्याकडे ढिगाने आहेत.”

त्याच संध्याकाळी तिने राजीनामा लिहिला. आणि खरी गोष्ट अशी की त्या दिवसापासून तिला समोर काही नसताना एक रेघ ओढता आली नव्हती. वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती, चेहरा तोंडपाठ होता, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करावी म्हटलं. कागदावर आली ती चष्म्याची फ्रेम. आत कुणी नाही. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेलाही तेच. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं समोरचं बघून काढता काढता आपल्या आत काही उरलंच नसेल तर? मग वर्षभर त्या मागच्या खोलीत कोऱ्या कागदापुढे बसून काय करायचं?

आणि घर होतं. हॉस्पिटलच्या आवारातलं तळमजल्याचं क्वार्टर, नोकरी गेली की जाणारं. नवऱ्याचा कारखाना बंद पडल्यापासून तो मिळेल तिथे वायरिंगची कामं करायचा. सासूबाईंचे गुडघे गेले होते; त्यांना जिने चढवत नसत.

“चित्रांना मी कधी नावं ठेवली नाहीत,” सासूबाई परवाच म्हणाल्या होत्या. “पण ती टांगायला भिंत लागते, सूनबाई. तेवढं लक्षात असू दे.”

नवऱ्याने त्यांच्यासाठी न्हाणीघरात आधाराला लोखंडी दांडा बसवला होता. काल संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा तो त्या दांड्यापुढे उकिडवा बसला होता, हातात स्क्रूड्रायव्हर.

“काय करताय?”

“बघत होतो, निघतो का. भिंत फुटेल.”

“मग?”

“मग काय. तू ठरव.”

महिनाभरात तो हे तिसऱ्यांदा म्हणाला होता. दर वेळी तिला वाटायचं, यापेक्षा हा भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाला उत्तर तरी देता येतं.

“आणि ठिपका?” टेलिफोनवालीने पुन्हा विचारलं.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती. बारा वाजेपर्यंत चकती साच्यात बसून साचा उकळत्या पाण्यात गेला नाही, तर डोळा आज तयार होणार नव्हता. आणि उद्या ती इथे असणार नव्हती.

“मास्तर नाही म्हणाले ना, बाई.”

“मास्तर कुठे आहेत आत्ता?” टेलिफोनवालीने टाकीवरची नजर काढली आणि सरळ तिच्याकडे पाहिलं. “हे बघा, मी दिवसभर कानाला यंत्र लावून बसते. माझा आवाज अख्ख्या गावाला ठाऊक आहे, तोंड कुणाला माहीत नाही. लोक थांबून बघतील म्हणून मला भीती नाही. मी आरशात बघेन तेव्हा तिथे दुसरंच कुणी बसलेलं नको, एवढंच.”

“अगं, कशाला त्यांना अडचणीत आणतेस?” बहीण म्हणाली.

“तू गप गं, ताई.”

डोळेवालीने चकती टेबलावर ठेवली. खालचा रंग वाळला होता. वरून ओला ठिपका दिला आणि नाही जमला, तर फडक्याने पुसता आला असता. तेवढ्याने काही बिघडत नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

“कुठे होता?”

“घड्याळात सात वाजल्यावर छोटा काटा असतो ना, तिथे.”

तिने बहिणीकडे पाहिलं. बहीण मांडीवरच्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती.

“हो,” बहीण जरा थांबून म्हणाली. “खाली, नाकाच्या बाजूला. मधाच्या रंगाचा.”

दोघींचं एकच. तिने मधाचा रंग कालवला, पिवळ्यात जरासा तपकिरी, आणि तीन केसांच्या ब्रशाने एक टिंब टेकवलं. थेंब सोडला. टेलिफोनवाली वाकून बघायला लागली आणि लगेच मान हलवू लागली.

“नाही. हा वरून शिंतोडा उडाल्यासारखा दिसतो.”

पुसला. पुन्हा काढला, या खेपेला जरा मोठा, कडा पातळ करून.

“एवढा नव्हता,” आता बहीणही उठून जवळ आली होती. “लांबट होता. तांदळाची कणी असते तसा.”

पुसला. अकरा वाजून पंचवीस मिनिटं. नियम मोडायचा तो मोडलाच होता, आणि तरी इथेही वडिलांच्या चष्म्याची रिकामी फ्रेमच येत होती. समोर असतं तर तिने डोळे मिटून काढलं असतं. पण समोर काय होतं? एक रिकामी खोबण आणि दोघींचे शब्द.

तिने ब्रश खाली ठेवला. मग ती जागा, रंग, आकार यांच्याबद्दल काहीच न विचारता एकदम म्हणाली,

“तो दिसायचा कधी?”

टेलिफोनवाली गोंधळली. “म्हणजे?”

“सारखा दिसत नसेल. एवढासा तर होता.”

“सारखा नाही.” टेलिफोनवालीचा आवाज हळू झाला. “वाकल्यावर दिसायचा. दिवा खाली असला आणि वरून वाकलं की. उजेड खालून यायचा ना, मग तो पेटल्यासारखा व्हायचा. आणि हसताना… हसताना खालची पापणी वर यायची आणि तो अर्धा झाकला जायचा. मग हसू संपेपर्यंत वाट बघायची.”

बहिणीच्या बोटाला गुंडाळलेला बंद सुटला.

डोळेवालीने खिडकीकडे पाठ केली. समोर फक्त भिंत राहील अशी ती बसली. खाली दिवा. वरून वाकलेलं कुणीतरी. हसू येण्याच्या बेतात असलेलं. तिने मधाच्या रंगात गंजाच्या रंगाचा एक धागा ओढला, ब्रश उचलला, आणि तो चकतीवर टेकवून उचलेपर्यंत आपण काय करतो आहोत हे तिला ठाऊक नव्हतं. एकच फटकारा. टोकाला जरा वाकलेला, वरच्या कडेला विरत गेलेला.

तिने थेंब सोडला नाही. कुणाला दाखवलाही नाही. कशाशी ताडून बघायचा?

बाराला सात कमी होते. फडकं हाताशी होतं. एकदा पुसलं की झालं, मास्तर परत येतील तेव्हा समोरच्या डोळ्याबरहुकूम डोळा तयार असेल, खाली जाऊन सही करायची, आणि सोमवारी पुन्हा हीच खुर्ची, हीच टाकी. चौदा वर्षांत तिच्या कामात एकदाही खोट निघाली नव्हती. शेवटच्या दिवशी ती राहू द्यायची?

तिने चकती साच्यात बसवली आणि साच्याचा स्क्रू आवळला. आवळताना तिने बोटांत जास्तच जोर लावला. पुन्हा सैल करायचं मनात येऊ नये म्हणून.

साचा उकळून, निवून, डोळा बाहेर निघाला तेव्हा साडेतीन वाजले होते. त्याच्या पांढऱ्यावर तिने सकाळीच रेशमाचे लाल धागे चिकटवले होते, शिरा म्हणून. ते आता आवरणाखाली खोल गेले होते. ठिपकाही खोल गेला होता. आता तो पुसता येणार नव्हता. कडा घासून, पॉलिश करून तिने तो कोमट पाण्यात ठेवला आणि दोघी बहिणींना आत बोलावलं.

“वर बघा. पापणी सैल सोडा. आता खाली.”

डोळा जागेवर बसला. टेलिफोनवालीने दोनतीनदा पापण्यांची उघडझाप केली. नेमके त्याच वेळी मास्तर दारात उभे राहिले. हाताला अजून साच्याची पांढरी भुकटी होती. ते पुढे आले, नेहमीच्या सवयीने पेशंटच्या हनुवटीखाली बोट धरून चेहरा खिडकीकडे वळवला, आणि थांबले.

पेशंटसमोर मास्तर तिला कधी रागावत नसत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला. मग ते बाजूच्या मोरीवर जाऊन हात धुवायला लागले. फार वेळ धूत राहिले.

टेलिफोनवालीने हातआरसा घेतला.

खोलीत मोरीच्या पाण्याचाच तेवढा आवाज होता. टेलिफोनवालीने आरसा जवळ नेला, लांब धरला. तिच्या कपाळाला आठी पडली.

“बाजू चुकली की काय? हा तर पाचवर दिसतोय.”

“आरशात उलटं दिसतं,” डोळेवाली सवयीने म्हणाली. “आरशात डाव्या डोळ्याच्या उजवीकडे नाक येतं. समोरून बघणाऱ्याला सातवरच…”

बोलता बोलता ती थांबली.

स्वतःचा डोळा माणूस आरशातच पाहतो. दुसरीकडे कुठे पाहणार? या बाईने आपला ठिपका आयुष्यभर पाहिला असता तर तो पाचवर पाहिला असता. सातवर दिसतो तो समोरच्या माणसाच्या डोळ्यात असलेला. चौदा वर्षं रोज आरसे हातात देणाऱ्या बाईच्या हे सकाळीच ध्यानात यायला हवं होतं.

टेलिफोनवालीने मात्र आरसा टेबलावर आडवा ठेवला होता. टेबलावरचा दिवा तिने खाली ओढला, पेटवला आणि आरशावर वाकली.

“ताई,” ती म्हणाली. मग दिवा आणखी जवळ ओढला. “ताई, हाच गं. असाच पेटायचा.”

तिने वर पाहिलं ती हसत होती. पापणी थोडी वर आली आणि ठिपका अर्धा झाकला गेला. थोरली बहीण बाकावर बसली. बसली म्हणण्यापेक्षा तिला बसावं लागलं.

डॉक्टरांना दाखवायला दोघी खालच्या मजल्यावर निघाल्या. टेलिफोनवाली दारातून परत वळली आणि तिने डोळेवालीचा हात दोन्ही हातांत धरून दाबला; मग लगबगीने गेली. लिफ्टचं जाळीचं दार ओढल्याचा आवाज आला.

“तू हो पुढे,” बहिणीचा आवाज. “माझी पिशवी राहिली वर.”

ती आत आली तेव्हा पिशवी तिच्या खांद्यालाच होती. मास्तर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग डोळेवालीकडे.

“एक बोलू का, बाई?”

“बोला ना.”

“तिच्या डोळ्यात ठिपका नव्हता. कधीच नव्हता.”

डोळेवालीने टेबलावरचा दिवा मालवला.

“मी तिला न्हाऊ घातलंय, जेवू घातलंय. मला ठाऊक नसेल? दोन्ही डोळे स्वच्छ होते तिचे.”

“मग सकाळी तुम्ही हो म्हणालात…”

“सकाळी ती सातचा काटा म्हणाली आणि मला आई दिसली.” तिने पदराने नाक पुसलं. “ठिपका आईला होता. डाव्या डोळ्यात. मी तुम्हाला आईचंच सांगत गेले. ही पाच वर्षांची होती आई गेली तेव्हा. आई आठवते का म्हणून कितीदा विचारलं असेल मी तिला. नाही म्हणते. आजपर्यंत नाहीच म्हणते.” ती थांबली. “तुम्हाला थांबवायला हवं होतं मी. पण मग म्हटलं, बघू तरी.”

“माझी चूक झाली,” डोळेवाली म्हणाली. “तो डोळा परत घेऊन दुसरा करून देता येईल. साध्या रंगाचा. मास्तर देतील करून.”

“नको, नको!” बहीण घाईघाईने म्हणाली. “तिला सांगू नका काही. मीही नाही सांगणार.” दारापर्यंत जाऊन ती वळली. “पण तुम्ही तो कुठे पाहिलात हो? वरची कड तशी विरलेली होती, हे तर मी सांगितलंच नव्हतं तुम्हाला.”

बहिणीने उत्तराची वाट पाहिली नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

मास्तर वळले. सबंध महिन्यात ते प्रथमच तिच्याकडे सरळ बघत होते.

“मी काय सांगून गेलो होतो?”

“समोरच्या डोळ्यावरून करायचा.”

“आणि तू?”

“नाही केला.”

“चौदा वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातून चुकीचा डोळा बाहेर गेला.”

“हो.”

तिला वाटलं ते आता ओरडतील. ओरडावेत असंही वाटलं. पण मास्तर पेशंटच्या खुर्चीत बसले. त्या खुर्चीत बसलेलं तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तिथून टाकी कशी दिसते ते बघावं तसे ते बाहेर बघत राहिले.

“तेहतीस वर्षं झाली मला इथे,” ते म्हणाले. “राहिलेल्यासारखा नको, वेगळा डोळा द्या, असं मला एकानेही कधी सांगितलं नाही.”

मोरीचा नळ ठिबकत होता. तिने उठून तो घट्ट केला.

“सांगितलं असेल कुणीतरी,” थोड्या वेळाने मास्तर म्हणाले. “मीच ऐकून घेतलं नसेल.”

तिचा उजवा हात टेबलावर होता. ती त्याच्याकडे असं बघत होती की जणू तो कुणीतरी विसरून गेलं आहे आणि आता परत न्यायला येईल.

“ते कसं केलंस?” मास्तरांनी विचारलं. गुरूने विचारावं तसं नाही. पेशंट विचारतात तसं.

“ठाऊक नाही.”

“पुन्हा जमेल?”

“तेही ठाऊक नाही, मास्तर.”

त्यांनी मान हलवली. ती मान होकाराची होती की नकाराची, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“पाचला दहा कमी आहेत,” ते म्हणाले. “जायचं तर जा. खाली खिडकी बंद होईल.”

लिफ्टची वाट न बघता ती जिन्याने उतरली. आस्थापनेच्या खिडकीत कारकून टोपी घालून, घरी निघायच्या तयारीत बसला होता. तिला बघताच त्याने टोपी पुन्हा काढून ठेवली.

“या, या. तुमच्यासाठीच थांबलोय. मास्तर दुपारी सांगून गेले, अर्ज घेऊन येतील म्हणून.” त्याने शाईची गादी पुढे ओढली आणि शिक्का उचलला. “बरं झालं हो. अहो, हातची नोकरी सोडून जातं का कुणी? द्या इकडे.”

“क्वार्टरची किल्ली कुणाकडे द्यायची असते?” तिने विचारलं.

शिक्का हवेतच राहिला.

“कसली किल्ली?”

“क्वार्टर सोडायचं तर किल्ली कुणाकडे द्यायची?”

कारकुनाने तिच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते. मग त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का सावकाश खाली ठेवला.

“ते इथे नाही,” तो म्हणाला. “दोन खिडक्या सोडून पुढे.”

ती दोन खिडक्या पुढे गेली. तिथे अजून रांग होती. तिच्यापुढे तिघं होती; ती चौथी उभी राहिली.